शेहेचाळीस पोती आणि नागामावशीचं माळवद

सव्वीस जानेवारीपर्यंत मी चारचौघांत तोंड उघडत नव्हते, आणि त्या दिवसापासून ते मिटलेलं नाही, असं माझी आई म्हणते. त्या दिवशी विरूपाक्ष सरांनी मला झेंड्यासमोर भाषणाला उभं केलं होतं. पहिली दोन वाक्यं मी कागदात बघून वाचली. तिसऱ्याला लोक गप्प झाले. चौथ्याला माझ्या लक्षात आलं की लोक गप्प झालेत ते मी बोलतेय म्हणून. असलंही एक सुख असतं हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी वर्गात बोलायला लागले, बसमध्ये बोलायला लागले, गिरणीच्या रांगेत बोलायला लागले. आणि मे महिन्यात मी नको तिथं बोलले.

आमचं गाव शिरूर अनंतपाळपासून सात किलोमीटर. पावसाच्या भरवशावरचं रान आणि सगळीकडे सोयाबीन. मागच्या वर्षी जूनमध्ये जेमतेम ओल झाली आणि सगळ्यांनी घाईनं पेरून टाकलं. त्यानंतर बावीस दिवस आभाळ कोरडं. उगवलेलं करपून गेलं. गावानं पुन्हा बियाण्याच्या पिशव्या आणल्या, पुन्हा ट्रॅक्टर बोलावला, पुन्हा पेरलं. रान तेच, पीक तेच, खर्च दोनदा. एवढं करून सोयाबीन काढणीला आलं, तर ऑक्टोबरात चार दिवस झड लागली.

माझी आई, सिंधु, गावातल्या बचत गटाची अध्यक्ष आहे. त्या झडीत तिनं गटातल्या बायकांना सांगितलं की पाऊस आपल्या हातात नाही, निदान बियाणं तरी आपल्या हातात ठेवू. बायकांनी ताडपत्र्या घातल्या, भिजलेलं बाजूला काढलं, चांगलं वाळवलं, हातानं निवडलं आणि शेहेचाळीस पोती बियाण्यासाठी म्हणून ठेवली. येत्या मृगाला गावातल्या तेवीस घरांना बियाणं देते, दुकानाच्या निम्म्या भावात, असा शब्द आईनं दिला. तेवीस घरांनी तो धरला आणि दुकानाकडे बघायचं सोडून दिलं.

पोती ठेवायला जागाही झोकात होती. गटानं मागच्याच दिवाळीत नवं शेड बांधलं होतं. लोखंडी खांब, वर चकचकीत पत्रे, भिंतीला निळा रंग आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत गटाचं नाव. नारळ आईनं फोडला होता. अडतीस पोती तिथं सहा-सहाच्या थप्पीनं रचली. आठ मावली नाहीत. ती नागामावशीकडे ठेवावी लागली.

नागामावशी म्हणजे नागाबाई. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, एकटी राहते आणि बोलण्यात कुणाला सोडत नाही. घरकुलं मंजूर झाली तेव्हा आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी आपापली माळवदं पाडली. हिनं पाडलं नाही. मातीच्या हातभर जाड भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा जाड थर, दार इतकं ठेंगणं की मलासुद्धा वाकावं लागतं. दर उन्हाळ्यात ती माळवदावर पांढरी माती चढवते आणि जाता-येता लोक तिला विचारतात की मावशी, निजामाच्या राज्यातून बाहेर कधी यायचं. आईनं ती आठ पोती तिथं ठेवताना तोंड जरा वाकडंच केलं होतं. जुन्या घरात कीड लागेल अशी तिला भीती होती.

मे महिन्यात आमचे दहावीचे उन्हाळी तास सुरू झाले. विरूपाक्ष सरांनी एक दिवस उगवण चाचणी करून दाखवली. एकदम सोपी आहे. ओल्या गोणपाटावर दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरं ओलं गोणपाट टाकायचं, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं आणि सहाव्या दिवशी उघडून चांगले कोंब मोजायचे. शंभरातले सत्तर आले तर बियाणं पेरणीजोगं. मी घरी येऊन आईला हे सांगितलं, तर ती खूश झाली. म्हणाली, बघ की आपलं करून, लोकांना सांगायला बरं.

मी शेडमध्ये गेले, थप्पीवर चढले, हाताला आलेल्या सगळ्यात वरच्या पोत्यातनं शंभर दाणे घेतले आणि घरी गुंडाळी केली. सहाव्या दिवशी उघडली.

एक्केचाळीस.

मी तीनदा मोजलं. काही दाण्यांना बुरशी आली होती, काही नुसते फुगून बसले होते. मी गुंडाळी तशीच उचलली आणि पळत मारुतीच्या पारावर गेले. तिथं गटाची बैठक चालू होती आणि बियाणं घेणारे बरेचसे लोकही आले होते. आई वहीत नावं लिहीत होती. मी तिच्याजवळ जाऊन कानात सांगायला पाहिजे होतं. पण समोर पस्तीस माणसं होती, माझ्या हातात पुरावा होता आणि मला सव्वीस जानेवारी आठवली.

"शंभरातले एक्केचाळीसच उगवलेत," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हे बियाणं पेरायच्या लायकीचं नाही."

लोक गप्प झाले. या वेळी त्यात सुख नव्हतं.

सगळ्यात आधी भुजंगकाका उठले. त्यांचं सात एकर रान आहे आणि तरुणपणी ते लातूरच्या मोंढ्यात आडतीवर मापाडी होते, त्यामुळे धान्यातलं सगळं आपल्यालाच कळतं असं त्यांना वाटतं. "सिंधुवैनी, ही तर तुमच्या घरचीच बातमी हाय," ते म्हणाले. "आता आमी दुसऱ्या कुनाला इचारावं?"

त्या दिवशी नऊ घरांनी नावं काढून घेतली. बाकीच्यांनी काढली नाहीत, पण कुणी आईच्या डोळ्यालाही डोळा देईना. मृगाला वीस दिवस उरले होते. इतक्या घरांना आयत्या वेळी दुकानातून बियाणं मिळेल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. मिळालं तरी भाव काय लागेल, तेही नाही. आणि आमचंच पेरलं तर मागच्या वर्षीसारखी दुबार पेरणी, ती पण आईच्या शब्दावर.

आई मला रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं भाकरी वाढली, ठेचा वाढला, पाण्याचा तांब्या ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ज्वारी निवडता निवडता म्हणाली, "आधी मला सांगायचंस."

मी म्हणाले की मग तू मला गप्प बसायला लावलं असतंस.

"न्हाई लावलं असतं. नुसतं आधी सांगायचंस," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

माझे पप्पा, हनुमंत, रेल्वेत आहेत, नांदेडला. रुळांच्या देखभालीवर. उन्हाळ्यात त्यांना भर दुपारी रूळ तपासत चालावं लागतं, कारण उन्हानं लोखंड फुगतं आणि रूळ वाकडा होऊ शकतो. त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. आईनं त्यांना काही सांगितलेलं नव्हतं, म्हणून मीच सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. शेडला वर पत्रेच आहेत ना, एवढं पप्पांनी विचारलं. मग म्हणाले की बी भाजलं असेल.

मी म्हणाले, पप्पा, भाजायला ते काय शेंगदाणे आहेत का, शेडमध्ये सावलीत ठेवलंय.

"टीव्हीवाले बेचाळीस म्हन्तेत तवा आमी रुळावर साठ मोजतो," पप्पा म्हणाले. "लोखंडाचा उन्हाळा येगळा असतो, बाई."

मी फोन ठेवला आणि खिडकीतून निळ्या शेडकडे बघत बसले. त्याचे पत्रे इतके चमकत होते की त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

सरांकडे गेले तर आधी बोलणी खाल्ली. एका पोत्यावरून शेहेचाळीस पोत्यांचा निकाल लावलास, एका पोराचे मार्क बघून आपण सगळी शाळा नापास करतो का, असं त्यांनी विचारलं. खरंच होतं ते. मी वरचं पोतं घेतलं होतं कारण ते हाताला येत होतं, एवढंच. बोलून झाल्यावर त्यांनी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं आणि तापमापी दिली. वर सांगितलं की फोडलीस तर भरून दे.

मी आणि माझी मैत्रीण शिवगंगा दुपारी दोन वाजता शेडमध्ये शिरलो. वरच्या पोत्यात तापमापी खोचली, दहा मिनिटं थांबलो. एकावन्न. तळच्या पोत्यात अडतीस. शिवगंगाच्या हनुवटीवरून घाम थेंब थेंब गळत होता. तिथून आम्ही नागामावशीकडे गेलो.

"माझ्या पोत्यास्नी ताप आलाय का?" मावशीनं दारातच विचारलं. शिवगंगा म्हणाली की तेच बघायला आलोय. मावशीनं आम्हाला आत घेतलं, लोट्यानं पाणी दिलं आणि तापमापीकडे बघत बसली. आत पंखा नव्हता आणि त्याची आठवणही होत नव्हती. पोती फळ्यांवर एका ओळीत, एकावर एक न रचता ठेवलेली. मी विचारलं की थप्पी का नाही लावली. ती म्हणाली की मी एकटी बाई, उचलून वर ठेवायला कोण येतंय. तापमापी एकतीसवर थांबली.

मला तिथून थेट पारावर पळायचं होतं. खरंच सांगते, पाय वळले होते. पण या वेळी सांगायचं होतं ते आणखी वाईट होतं. आईनं ज्या शेडसाठी दोन वर्षं पंचायतीचे उंबरे झिजवले, जिथं स्वतः नारळ फोडला, त्याच शेडनं बियाणं मारलं होतं. मी घरी गेले आणि आईला एकटीला सांगितलं. एकावन्न, अडतीस, एकतीस.

आईनं वही ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि त्या उन्हात शेडकडे निघाली. मी मागे. तिनं आत जाऊन दार लोटून घेतलं. मला बाहेरच उभं केलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला काळजी वाटायला लागली तेवढ्यात ती बाहेर आली. चेहरा लालबुंद, कपाळावरचं कुंकू ओघळलेलं.

"हितं मी बी उगवले नसते," ती म्हणाली.

आणि हसली. चार दिवसांनी पहिल्यांदा.

त्यानंतर ती थांबली नाही. सरांनी सांगितलं होतं की प्रत्येक पोत्यातून तीन ठिकाणचं धान्य घ्या, वरचं, मधलं आणि खालचं. त्यासाठी परखी लागते. पोत्यात खुपसून आतलं धान्य काढायची लोखंडी पोकळ सळई. ती गावात एकाच माणसाकडे होती. आई स्वतः भुजंगकाकांच्या दारात गेली. काका परखी द्यायला तयार झाले, पण एका अटीवर. "पोरीच्या हातात देनार न्हाई. मीच काढनार आन मीच बगनार."

आई म्हणाली, मग तर फारच चांगलं.

शेहेचाळीस पोती म्हणजे चार हजार सहाशे दाणे. आमच्या वर्गात आम्ही तेवीस जण. प्रत्येकाला दोन गुंडाळ्या आल्या. पोरांनी घराघरातून जुना बारदाना गोळा केला, काकांनी एकेका पोत्यात परखी खुपसली, आम्ही दाणे मांडले, गुंडाळ्यांना सुतळी बांधून पोत्याचा नंबर अडकवला. मेमध्ये पाण्याचा प्रश्न असतोच, टँकर एक दिवसाआड येतो. म्हणून गोणपाट बुडवायचं नाही, हातानं शिंपडायचं, असं ठरलं. सगळ्या गुंडाळ्या नागामावशीच्या घरात ठेवल्या, कारण आता गावात त्याहून थंड जागा नाही हे आकड्यानं सिद्ध झालं होतं. मावशीनं आम्हाला दोन नियम लावले. चपला बाहेर, आणि आत आल्यावर घर जुनं आहे असं कुणी म्हणायचं नाही.

ते सहा दिवस भुजंगकाका रोज एक चक्कर मारायचे. कुणी गुंडाळी उघडून बघत नाही ना, हे बघायला. तिसऱ्या दिवशी ते आत यायला लागले आणि चौथ्या दिवशी चौकटीवर त्यांचं कपाळ आपटलं. मावशी म्हणाली, "वाकायची सवं न्हाई, म्हनून लागलं."

सहाव्या दिवशी सकाळी पारावर गुंडाळ्या उघडल्या. प्रत्येक गुंडाळी दोघांनी मोजायची, एक आमच्यातला आणि एक बियाणं घेणाऱ्या घरातला, असं काकांनी ठरवलं होतं. मी मोठ्यानं नंबर आणि आकडा वाचत होते आणि आई लिहीत होती. वरची पोती, पत्र्याजवळची, तीस ते पन्नास. अशी बारा निघाली. मधली तेरा साठच्या आसपास. तळची तेरा सत्तरच्या वर. शेवटी नागामावशीच्या आठ पोत्यांची पाळी आली. चौऱ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. शहाऐंशी. एकाचा आकडा एक्याण्णव आला, तो काकांनी परत मोजून घेतला, आणि परत एक्याण्णवच आला.

मी नागामावशीकडे बघितलं. ती पाराच्या कडेला बसून तंबाखू मळत होती, जणू दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

बारा पोती गेलीच. ती बियाणं म्हणून नाही, साधं सोयाबीन म्हणून मोंढ्यात विकायचं ठरलं. म्हणजे तेवीस घरांना पुरेसं बियाणं नव्हतं, आणि ही गोष्ट आईनं स्वतःच उभं राहून सांगितली. मग ती म्हणाली की सगळं रान सोयाबीननंच भरायला कुणी सांगितलंय. चार तासं म्हणजे चार ओळी सोयाबीन, दोन तासं तूर, असं पूर्वी सगळेच पेरायचे. बियाणं तिसऱ्या हिश्शानं कमी लागेल, आणि पाऊस मधेच रुसला तर तूर तग धरते. मधल्या पोत्यांचं बियाणं जरा दाट पेरायचं. किती दाट ते सरांनी गणित करून दिलं. सत्तर आकड्याचं एकरी तीस किलो लागतं, तर साठचं पस्तीस.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक उठले, आपल्या नावाला कोणत्या नंबरची पोती येतात ते विचारायला लागले. नावं काढून घेतलेल्या नऊ घरांपैकी सात परत आली. दोघांनी दुकानातून पिशव्या आणल्या होत्या, त्यांनी हळूच मला विचारलं की आमच्याही पिशवीतले शंभर दाणे बघशील का. बघितले. पंच्याहत्तर आले, चांगले होते. त्यांचाही जीव भांड्यात पडला.

भुजंगकाकांनी आईला विचारलं की एक्याण्णववालं पोतं कुणाला जातंय. आई म्हणाली, ते नागाबाईला विचारा, पोती तिच्या घरात आहेत.

काका माळवदाच्या दारात गेले. या वेळी वेळेवर वाकले. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण बाहेर आले तेव्हा पोतं त्यांच्याकडे नव्हतं आणि तोंडभर हसू होतं. मावशीनं म्हणे त्यांना सांगितलं की एक्याण्णववालं कुणाएकाच्या रानात जाणार नाही. ते दहा-दहा किलोनं वाटायचं आणि त्याचं पुढच्या वर्षीचं बियाणं धरायचं.

त्याच दुपारी चांगली पोती शेडमधून माळवदात हलवली. सगळ्या बायका, आमचा वर्ग आणि काका. पोतं आदळायचं नाही, झोपलेलं लेकरू ठेवल्यासारखं ठेवायचं, असा मावशीचा तिसरा नियम आला, आणि काकांनी तोच मोंढ्यातल्या आवाजात सगळ्यांना परत ऐकवला. प्रत्येक पोत्यावर मी खडूनं त्याचा आकडा लिहिला. मधली तेरा पोती मावली नाहीत, ती शेडमध्येच खाली एका थरानं पसरली. पत्र्यांवर आता तुराट्या आणि पाचटाचा थर चढलाय, भिंतीचा निळा रंग तेवढा दिसतो. सरांनी काल दोनला परत मोजलं तर आत पस्तीस. आईनं तो आकडाही वहीत लिहिलाय, आणि पुढच्या वर्षी शेडला मातीच्या विटांची दुसरी भिंत घालायची का, यावर गटात भांडण चालू आहे.

पप्पा रविवारी नांदेडहून आले तेव्हा मी त्यांना माळवदात नेलं आणि आकडे दाखवले. ते बराच वेळ थंड भिंतीला हात लावून उभे होते. म्हणाले, असा रूळ असता तर काय पाहिजे होतं.

आता मृगाला चार दिवस आहेत. मोबाईलवर एक अंदाज म्हणतो पाऊस वेळेवर, दुसरा म्हणतो आठ दिवस उशिरा, आणि बसस्टँडवरचे म्हातारे तिसरंच काही सांगतात. मी पण आधी यावर भरपूर बोलले असते. आता विचारलं की सांगते, पाऊस कधी येईल ते मला सांगता येत नाही. चांगली वीतभर ओल गेल्याशिवाय पेरू नका, आणि कोणत्या पोत्यात किती उगवेल ते विचारा, ते येतं.

आज सकाळी मी खडू आणायला नागामावशीकडे गेले तर ती मोरीच्या मागे वाकून काहीतरी करत होती. चाचणीचे उगवलेले कोंब आम्ही पारावरच टाकून आलो होतो. तिनं तिच्या आठ पोत्यांचे तेवढे वेचून आणले होते आणि अंघोळीच्या पाण्यावर ओळीनं लावले होते. त्यांना दोन-दोन पानं फुटली होती. मी मोजायला बसले, तर मावशी म्हणाली की आता मोजू नको, पाणी घाल.

मी तांब्या घेतला.